धोंड्याचं जेवण

१

कंपनीनं मला बक्षीस म्हणून समुद्रकिनारा दिला. म्हणजे तसं कूपन दिलं. 'बीचजवळच्या अपार्टमेंटमध्ये कुटुंबासह मुक्काम.' शिरूर तालुक्यात समुद्र कुठला, असं कोणी विचारेल. घोड नदीच्या धरणाचा फुगवटा आहे, त्याच्या काठावर एका बिल्डरनं ट्रकांनी वाळू आणून ओतली, प्लॅस्टिकचे दोन माड उभे केले, 'सी ब्रीझ' अशी पाटी लावली आणि झाला समुद्र. आम्ही गेलो ते जूनच्या तोंडाला. पाणी आटून पार मधल्या पात्राला लागलं होतं. वाळू संपली की भेगाळलेला चिखल, आणि लांबवर पाण्याची एक चमकती रेघ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एरवी मी ते कूपन कुणाला तरी देऊन टाकलं असतं. पण शितलसाठी ठेवलं. शितल माझी धाकटी बहीण. तिचा नवरा नवनाथ, खुटबावचा. दोन जेसीबी आहेत, गळ्यात चेन आहे, चारचौघांत बोलणं अगदी लाघवी. दिवाळीनंतर त्यानं तिचा हात दाराच्या चौकटीत धरून दार लावून घेतलं होतं. एकदा नाही, मोडेपर्यंत. दवाखान्यात सांगितलं, घसरून पडली. तेव्हापासून ती आमच्या वरवंडच्या घरी होती. हातात सळई होती आणि दुसऱ्यांदा घातलेलं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बैठका दोनदा झाल्या. 'पोरीनं नांदायला जावं' असं भावकीचं म्हणणं पडलं. मी भर बैठकीत सांगितलं, ती जाणार नाही. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळं माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही. पण शितलला परत त्या घरात पाठवायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं, आणि मी ठरवलं की ठरवलं.

आई बरोबर आली. येताना तिनं पितळी परात, लोखंडी तवा, पोळपाट आणि चक्क पुरणयंत्र घेतलं.

"बीचवर पुरणयंत्र कशाला गं?" मी विचारलं.

"असू दी. तुला काय वजं झालंय व्हय त्याचं?" आई म्हणाली.

फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता. एक खोली, कोपऱ्यात ओटा, बाथरूम, बाल्कनी. राखणदार सर्जेराव किल्ली द्यायला आले तेव्हा मी सहज विचारलं, वर कोण आहे?

"वर कोन न्हाई ताई. वरला मजला झालाच न्हाई अजून. नुस्ता स्लॅब टाकलाय, जिनाबी न्हाई," ते म्हणाले.

दुपारी आम्ही तिघी फरशीवर आडव्या झालो होतो. वरून काहीतरी पडल्याचा मोठा आवाज आला. पितळेचं भांडं पडतं आणि कडेवर गरगरत राहतं, तसा. गरगर बराच वेळ चालली. ती थांबल्यावर कुणी बाई हसली.

"गवंडी असतील," मी म्हणाले आणि कूस बदलली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी शितल परात धुवून पालथी घालायला गेली. तिच्या त्या हातात अजून जोर नव्हता. परात सुटली, फरशीवर आपटली आणि कडेवर गरगरत बाल्कनीच्या दारापर्यंत गेली. ती थांबेपर्यंत आम्ही बघत राहिलो. मग शितल हसली. कित्येक महिन्यांनी हसली, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण ते हसू मी आदल्या दिवशी ऐकलं होतं.

आता मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. दिवसभर प्रेस मशीनच्या धडधडीत उभी असते, कान कामातून गेलेलेच आहेत. भांडी सगळ्यांच्या घरात पडतात आणि बायका सगळ्यांच्या घरात हसतात. मी स्वतःला असं सांगितलं आणि चहा टाकला.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. आई माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती, तोंड मिटून. आणि वर आई म्हणत होती, "बाई बाई, साखर सांडली सगळी. मुंग्या व्हत्याल आता."

स्लॅबमधून आलेला तो आवाज दबका होता, पण शब्द कळत होते. आईनं तांदूळ खाली ठेवले. शितलनं माझा दंड धरला. आम्ही तिघींनी वर बघितलं. वर पांढरं छत होतं आणि पंखा फिरत होता.

तिसऱ्या दिवशी साखरेचा डबा मीच ओट्यावरून उचलून खाली ठेवला, अगदी भिंतीला लावून. आई पदर खोचून उठायला गेली, तिचा पाय लागला, डबा आडवा झाला. आई बोलायला तोंड उघडणार तोच मी ओरडले, "बोलू नकोस!"

पण ती बोललीच. सवयीनं. शब्दही तेच.

३

मी तडक खाली गेले आणि सर्जेरावांना शिडी लावायला सांगितली. ते कुरकुरले. "वर काय बघायचंय ताई? ऊन लै हाय." मी ऐकलं नाही. मला राग आला होता. भीती वाटली की मला राग येतो, लहानपणापासून.

वर खरंच काही नव्हतं. मोकळा स्लॅब, उभ्या गंजक्या सळया, वाळूचा एक ढीग आणि आभाळ. ऊन इतकं की चपलेच्या तळव्यातून चटके बसत होते. वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. एका कोपऱ्यात पाइपसाठी ठेवलेलं भोक होतं. वाकून बघितलं तर आमच्या बाथरूममधली लाल बादली दिसली. म्हणजे मी बरोबर आमच्या डोक्यावर उभी होते.

मी उड्या मारल्या. टाचा आपटल्या. एक वीट उचलून जोरात टाकली, ती फुटली. "शितल! ऐकू येतंय का?" असं घसा फोडून ओरडले. सर्जेराव शिडीवरून माझ्याकडं बघत राहिले.

खाली येऊन मी विचारलं, "किती जोरात आला आवाज?"

"कसला?" शितल म्हणाली. "आम्ही दोघी गप्प बसून होतो ताई. वाट बघत होतो. काहीच आलं नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. वर मी होते तेव्हा वरचं खाली ऐकू येत नव्हतं. मग आमच्या डोक्यावर जे चाललं होतं ते त्या स्लॅबवर नव्हतंच. ते आमच्याच खोलीत होतं, फक्त उद्याचं होतं. मी हे मनात म्हटलं आणि लगेच स्वतःला शिवी दिली. शिकलेली बाई आहेस, माया.

४

रात्री जेवणं झाली आणि वर सुरू झालं.

आधी चपलांचा आवाज. पुरुषाची जड पावलं. मग परातीत पाणी ओतल्याचा आवाज, आणि आईचा: "पाय पुढं घ्या, जावईबापू."

शितल भिंतीला टेकून बसली होती. ती हळूहळू खाली घसरली.

मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं बघेना.

"आई?"

"धोंड्याचा म्हैना हाय गं," आई रडायलाच लागली. "लोकं इच्यारत्यात, जावई आला न्हाई का धोंड्याला? शेजारची विठाबाई रोज इच्यारती. घरी बोलवावं तर भावकी जमती, तमाशा हुतो. म्हनलं हितं बोलवावं गुपचूप. पाय धुवावं, धोंडं खाऊ घालावं, अनारशाचं ताट द्यावं. आधिक म्हैना तीन वर्सांनी येतो. जावई उपाशी ऱ्हायला तर लेकीच्या संसाराला लागतं."

"संसाराला? तिच्या हाताकडं बघ! त्या हातानं त्याला वाढायला लावणार होतीस?"

"उद्याच्याला यायचंय त्यांनी," आई एवढंच म्हणाली.

वर नवनाथ हसला. ते हसू मी कुठंही ओळखलं असतं, ओठातल्या ओठात, समोरच्याला लहान करणारं. शितलनं दोन्ही कान झाकले. मग काहीतरी बोलणं झालं, शब्द कळले नाहीत. मग कुणीतरी ओट्यावर आपटलं. आणि मग मार सुरू झाला.

मी तो आवाज सांगणार आहे, कारण मला तो अजून येतो. पहिले दोन लागोपाठ आले. मग उसंत. त्या उसंतीत कुणीतरी ओरडलं, माणूस की बाई ते कळेना, गुरासारखं ओरडलं. मग पुढचे सावकाश आले, एकेक, मोजून मापून, घाई नसल्यासारखे. शेवटचे तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखे वाजले. मग फरफट, खोलीतून बाथरूमकडं. मग नळ. नळ फार वेळ चालू राहिला.

"मीच असेन ती," शितल अगदी शांतपणे म्हणाली. "आधी दोन मारतो, मग थांबतो. माझ्याकडं बघतो. मग पुन्हा."

आई तोंडात पदर कोंबून बसली होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि नवनाथला लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सामान उचलावं आणि रस्त्याला लागावं. पण दुसरंही वाटलं, आणि तेच जास्त वाटलं. वाटलं, येऊ दे त्याला. आवाजाला भिऊन मी का पळू? बैठकीत मान खाली घालून उभं राहायचं, दवाखान्यात खोटं बोलायचं, आणि आता छताला भिऊन पळायचं?

मग मला सरळ हिशेब सुचला. शितल इथं नसलीच, तर जे ऐकलं ते होणारच नाही.

५

सकाळी सर्जेराव शिरूरला जाणार होते. मी शितलला त्यांच्या पिकअपमध्ये बसवलं. "कंपनीजवळच्या माझ्या रूमवर जा, आतून कडी लाव, मी आल्याशिवाय कुणाला उघडू नकोस," असं बजावलं.

"ताई, तूपण चल ना."

"मी येते मागून. आईला एकटीला कशी सोडू?"

आई हटून बसली होती. पाहुण्याला बोलावून दाराला कुलूप लावायचं हे तिच्या बापजन्मी झालं नव्हतं. पुरण शिजलं होतं, कणकेचे गोळे झाकून ठेवले होते. पिकअप धूळ उडवत गेली आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आता यावं त्यानं, खावं, चार शब्द ऐकावेत आणि चालतं व्हावं. गॅसवर तवा ठेवला होता, तो मी जरा मोठ्या आचेवर केला. का केला ते मला सांगता येत नाही.

नवनाथ आला, पांढऱ्या कपड्यांत, हातात साडीचा बॉक्स घेऊन. "लै भारी जागा हाय की ताई. आमचीबी एक रूम बुक करा," तो म्हणाला. त्याची पावलं वाजली आणि मी तो आवाज ओळखला. आईनं त्याला खुर्चीवर बसवलं, परात पुढं ठेवली.

"पाय पुढं घ्या, जावईबापू."

माझी आई, सोजरबाई, जिनं बाप गेल्यावर दुसऱ्यांच्या रानात खुरपून आम्हाला शिकवलं, ती खाली बसून त्या माणसाच्या पायाच्या बोटांमधली माती काढत होती. त्यानं पाय सैल सोडले होते. तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता, मोबाइल बघत होता. 

"शितल कुठंय? जोडीनं धुत्यात ना पाय? लक्ष्मीनारायण म्हनून?" त्यानं विचारलं.

"ती गेली. येणार नाही ती. आज नाही आणि कधीच नाही," मी म्हणाले.

तो हसला. तेच हसू.

"ताई, तुमचं लगीन न्हाई झालं. तुम्हाला कसं कळायचं? बाई जाती, बाई येती. तिला कुठं ठिवलंय ते मला म्हाईत हाय. शिरूरात तुमची रूम, दुसरं काय हाय तिला?" मग त्यानं आईकडं बघितलं. "आन् तुम्ही हो? बोलवून असं करता व्हय?"

त्यानं परातीतला ओला पाय उचलला, आईच्या खांद्यावर ठेवला आणि ढकललं. जोरात नाही, दार लोटावं तसं. आई मागं गेली आणि तिचं डोकं ओट्याखालच्या फरशीच्या कडेवर आपटलं.

तवा माझ्या हातात कधी आला ते मला आठवत नाही. दांडा तापला होता, तळहाताची कातडी त्याला चिकटली, ते आठवतं.

पहिले दोन लागोपाठ बसले. कानावर आणि जबड्यावर. तो खुर्चीसकट कोसळला, परात उलटली. त्यानं तोंड वर केलं आणि ओरडला, गुरासारखा. मी थांबले. उसंत होती. मी त्याच्याकडं बघत होते. तो हातावर रांगत दाराकडं सरकत होता, खालचा ओठ लोंबत होता, त्याला आता कुणालाही मारता येण्यासारखं नव्हतं. मला थांबता आलं असतं. कुणीही शपथ घालून विचारलं तर मी हेच सांगेन, मला थांबता आलं असतं.

पण अजून राहिले होते. मी काल ऐकले होते, सावकाश येणारे, एकेक. ते कुणाचे होते हे मला आता कळलं होतं.

मी घाई केली नाही.

६

फरफटत बाथरूमपर्यंत मीच नेलं. आईनं त्याचे पाय धरले. तिच्या डोक्यातून रक्त येत होतं, आणि ती नेहमी पाहुणे गेल्यावर आवरते तशी आवरत होती. नळ सोडला. तो लाल बादलीशेजारी एका कुशीवर पडला होता, डोळे अर्धे उघडे. मी नाकाशी हात धरून बघितलं. काही नव्हतं. मग मला खूप रडू आलं. शितल सुटली, असं मी रडत रडत म्हणत होते. आई, शितल सुटली गं.

आणि तेव्हा वर पावलं वाजली.

आम्ही दोघी वर बघायला लागलो. बाथरूमच्या छताला ते पाइपचं भोक होतं. माझ्या लक्षात होतं, वरून बघितलं होतं मी, त्यातून आभाळ दिसायला हवं होतं. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढले. मान वर करून भोकातून बघितलं.

आभाळ नव्हतं. छत होतं, आणि त्यावर पंखा फिरत होता. भोकाच्या कडेला परातीची पितळी कड दिसत होती आणि तिच्यात चार पाय होते, जोडीनं ठेवलेले. दोन पुरुषाचे. दोन शितलचे, माझ्या बहिणीचे पाय मी ओळखणार नाही का? त्यांवर एक हात पाणी ओतत होता, आणि त्या हाताचा तळवा पार भाजून सोललेला होता.

"ताई, ह्यांच्या पायावर ओत ना अजून थोडं," वर शितल म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

तो हसला.

"ओतते की," वर मी म्हणाले. इतकं गोड मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. "पाय पुढं घ्या, नवनाथराव."

मी बादलीवरून खाली कशी उतरले, माहीत नाही. तो तिथंच पडला होता, आमच्या पायाशी, ओठ फाटलेला, गार. मी फोन हातात घेतला, शितलला लावला. रिंग वाजत राहिली, तिनं उचलला नाही. मी पुन्हा लावला.

आई बाहेर गेली. ती पालथी पडलेली परात घेऊन आत आली, नळाखाली धरली आणि चपलांना लागून आलेली थोडी वाळू राखेसारखी घेऊन घासायला लागली. पाणी लाल जाऊन साफ जायला लागेपर्यंत घासत राहिली.

"आई, काय करतेस तू?"

तिनं वर बघितलं नाही.

"ठिवते घासून," ती म्हणाली. "उद्या लागंल."